त्याच्या वाटचं तेल

टायर घेताना मी अजूनही आधी अंगठ्याचं नख रुतवून बघतो. दुकानदार हसतात. "मास्तर, वांगी नाहीत ती," असं एकानं तोंडावर म्हटलं, तेव्हा मी त्याला चांगलाच झापला होता. नख आत जात नाही, नुसती पांढरट रेघ उठते, तेव्हा रबर कडक समजावं. ते पुष्कळ चालतं, पण ओल्या रस्त्यावर दगा देतं. नख जरासं रुतून खूण लगेच भरून आली, तर रबर मऊ. ते रस्ता धरून ठेवतं, पण लवकर झिजतं. आणि नखाचा खळगा तसाच राहिला, तर तो टायर मेला. हे शेवटचं मला कुणी शिकवलं नाही. ते मी एका दिवाळीत आमच्याच पडवीत शिकलो, आणि तसं शिकायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये.

आमचा कोळीवाडा रेवदंड्याच्या अलीकडे. उधाणाला पाणी ओटीला लागायचं, इतका समुद्र जवळ. बा स्वतःच्या होडीचा तांडेल. आई सुकट-बोंबील विकायची. आम्ही दोघे भाऊ. दादा थोरला, तो बाच्या मागोमाग दर्यावर गेला. मी धाकटा, मला होडीत बसलं की ओकाऱ्या व्हायच्या, म्हणून शिकलो आणि पालीला शाळेत मास्तर झालो. दादा मला "कोरड्या पायाचा" म्हणून चिडवायचा. मी चिडायचोही. माझं डोकं तापायला काडी लागत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

स्वराज्य येऊन काही वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. दादा दुसऱ्या एकाच्या होडीवर गेला होता आणि वारा फिरला. होडीतले चारही जण गेले. दोघांची प्रेतं खाडीच्या तोंडाशी लागली, एकाचं पुढं मुरूडकडे मिळालं. दादाचं मिळालं नाही. शिडाचा एक फाटका तुकडा मिळाला, पण तो त्याच होडीचा होता की नाही यावर कोळीवाड्यात भांडणं झाली.

आता प्रेतच नाही म्हटल्यावर काय करायचं? भटजी म्हणाले, दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, मग पुढचे दिवस करायचे. बा तयार होता. पोरगा अधांतरी लटकलाय, त्याला वाट मोकळी करून द्यावी, असं त्याला मनापासून वाटायचं. आईनं मात्र भटजींना दारातूनच परत पाठवलं. "माजे पोराची राख दावा मना, मंग करते सगला," असं म्हणाली आणि पाटी उचलून बाजाराला गेली.

तिनं तो गेला असं कधी म्हटलंच नाही. आमच्याकडे नरक चतुर्दशीला पहाटे दोन पाट मांडले जायचे आणि दोन वाट्यांत कोमट खोबरेल असायचं. आई आधी दादाला चोळायची, मग मला. दादा हरवल्यावरही दोन्ही वाट्या मांडायची रीत तिनं सोडली नाही. मला माझ्या वाटीतलं तेल लावायची, त्याची वाटी पाटाशेजारी तशीच. भाऊबीज झाली की ते तेल परत डब्यात ओतायची. "त्याच्या वाटचा हाय. येईल तवा लागंल," इतकंच म्हणायची. बा त्या वेळी मुद्दाम उठून होडीकडे जायचा.

अशा दोन-तीन दिवाळ्या गेल्या. मग एका वर्षी पावसाच्या तोंडावर मंगळुरी कौलं घेऊन आलेलं एक गलबत खाडीत थांबलं. त्यावरचा एक खलाशी आईकडे सुकट घ्यायला आला. नेमकं तेव्हाच मांजरानं बोंबील पळवला आणि आई त्याच्या मागं धावली, "तुजा मुडदा बशिवला, मेल्या, घशात काटा अडकंल तुज्या!" खलाशी खो खो हसायला लागला. म्हणाला, "मावशी, हुबेहूब असाच शिव्या घालणारा एक जण मी काठेवाडात पाहिला. जाळं शिवत बसलेला. गाठ सुटली नाही की जाळ्याला म्हणायचा, मुडदा बशिवला तुजा. एरवी तोंडातून शब्द नाही."

आईच्या हातातली तागडी खाली पडली. शनिवारी मी घरी आलो तेव्हा तो खलाशी अजून होता, म्हणून मीही त्याला खोदून खोदून विचारलं. वय? तिशीच्या आतबाहेर. दिसायला? दाढीत तोंड बुडालेलं. गाव कुठलं? ते त्याला माहीत नव्हतं. वेरावळच्या पुढं कुठंतरी पाण्यासाठी थांबले होते, बारीकसं बंदर, टोकावर पांढरं देऊळ, बस्स. दादाच्या डाव्या अंगठ्याला नख नव्हतं, लहानपणी दोरखंडात गेलेलं. तो अंगठा काही खलाशानं पाहिला नव्हता.

एवढ्यावर कोण उठून काठेवाडात जातो? आई म्हणाली, माझा धाकटा जातो.

बा वैतागला. पहिल्यांदाच घरात त्याचा आवाज चढला. शेवटी आईच म्हणाली, "याला एकदा जाऊन येऊ दे. यो रिकामा आला तं तू म्हनशील तसा करू. पुतला कर, अग्नी दे, मी आडवी न्हाय येनार." हे ती बोलेल असं आम्हा दोघांनाही वाटलं नव्हतं. म्हणजे सगळं त्या एका फेरीवर आलं. दादा सापडला तर सापडला, नाहीतर आईच्या लेखीही तो मेला.

आगगाडी मोठ्या बंदरांना जाते, गलबतंही तिथंच लागतात. गाव ठाऊक नाही म्हटल्यावर वेरावळपासून किनाऱ्यानं एकेक वाडी विचारत जायला हवं होतं. माझ्याकडे मोटारसायकल होती. लढाई संपल्यावर लष्करानं डिस्पोजलमध्ये काढलेली, हिरवा रंग उडालेली, रणगाड्यासारखी जड. पालीहून घरी येताना ओहोटी असली की अलिबागपासून मी ती वाळूवरून पळवायचो. तिचे टायर मात्र इतके झिजले होते की रबराखालचं दोऱ्याचं कापड दिसायला लागलं होतं. त्यावर मी पेणपर्यंतसुद्धा भरवशानं गेलो नसतो. पाऊस तोंडावर होता, तेव्हा निघायचं ते दिवाळीच्या सुट्टीत हे ठरलं. टायर मात्र आत्ताच बघावे लागणार होते, कारण त्या मापाचा माल कधीतरीच यायचा.

रेवसच्या लाँचा बंद व्हायच्या आत मी आणि बा भाऊच्या धक्क्याला उतरलो. बा का आला? "तुला लाकडातला कळत न्हाय, रबरातला काय कळनार," म्हणाला. रबर आणि लाकूड यांचा संबंध काय, असं मी विचारलं, तर तो पुढं चालायला लागला.

ग्रँट रोडच्या बाजूला एका गुजराती शेठच्या दुकानात टायर रचून ठेवले होते. शेठ पोट सांभाळत उठला. "लांब जवानुं? किती लांब?" मी काठेवाड म्हटल्यावर त्यानं एकदम आपलेपणानं चहा मागवला. मग एकेक टायर ओढून दाखवायला लागला. पहिल्यावर मोठमोठ्या गोट्या होत्या. चिखलात छान, पण डांबरी रस्त्यावर त्या भराभर झिजतात. दुसरा मऊ. "बेक्रीचा पाव छे, मास्तर. रस्ता पकडणार, पण सुरतपर्यंत अर्धा खाऊन टाकणार." तिसरा उभ्या रेघांचा, कडक, आत दोऱ्याचे थर जास्त. "आ घसरेल पावसात. पण घिसणार नाय. जाऊन येणार नि वर्षभर चालणार." आणि मग तो विचारून गेला, "एकलो जाणार के जोडीदार पन?"

मी काही बोलायच्या आत बा म्हणाला, "जाताना एक. येताना दोन."

शेठला अर्थातच काही कळलं नाही, त्यानं मान हलवून वजनाचा हिशेब केला आणि तिसऱ्यावरच हात ठेवला. मी बाकडे बघितलं नाही. घरी पुतळा करू म्हणणारा हाच माणूस, आणि मनात येताना दोन! मी उगाच टायर उलटासुलटा करून बघत राहिलो.

पण बा असा सुखासुखी पटणारा नव्हता. त्याला कोपऱ्यातले दुसरे टायर दिसले, लष्करी, जाडजूड, एकदाही न वापरलेले. त्यानं एक उचलून नाकाशी धरला, वास घेतला, नखानं खरवडला. शेठ हसून म्हणाला, "काका, ते नको. पडून पडून सुकले." खरंच, रबरावर बारीक बारीक चिरा होत्या. बा म्हणाला, "फलीगत फुटलाय रं. उन्हात ठेवलेल्या फलीगत." शेठ म्हणाला, "हां, बराबर. ऊन लागलं के कोरडा पडणार, मग चीर जाणार. तुमचे पण ऊनमां नका ठेवू." माझ्या डोळ्यांसमोर आहे तो सगळा प्रसंग. किती साधं बोलणं!

घरी आल्यावर टायर पडवीत वल्ह्यांशेजारी टांगले. आईनं त्यांना हळद-कुंकू लावलं. मी म्हटलं, "आई, यांना ऊन लागू देऊ नको हां. कोरडे पडले की चिरा जातात." बानं भर घातली, "फलीगतच हाय तो." आई म्हणाली, "मना नको शिकवू. माजा जनम होड्या बघन्यात गेला." मी निर्धास्त पालीला गेलो.

आता होडीची फळी कोरडी पडू नये म्हणून आमच्याकडे काय करतात? तेल देतात. पावसात होडी किनाऱ्यावर ओढून नारळीच्या झापांनी शाकारली की तिला माशाच्या तेलाचे हात द्यायचे, एक वाळला की दुसरा. मुशी माशाच्या काळजाचं तेल, घाण वास, पण लाकडाला अमृत. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. मलाही माहीत होतं. तरी माझ्या डोक्यात काही आलं नाही.

पावसाळाभर नद्या-खाड्या फुगलेल्या, मी घरी फारसा आलो नाही. नारळी पौर्णिमेला एसटीनं येऊन गेलो, तेव्हा पडवीत तेलाचा दर्प होता. पण दारात होडी, हातात तेलाचे बोळे, त्या दिवसांत आमच्या घरात भातालासुद्धा तो वास यायचा. आई म्हणाली, "टायर जपलेत बरं का तुजं." मी म्हटलं, "बरं केलंस." नारळ सोडायच्या गडबडीत मी वर मान करून बघितलंही नाही.

दिवाळीच्या सुट्टीत आलो. दुसऱ्या दिवशी नरक चतुर्दशी होती आणि अंघोळ झाली की लगेच निघायचं होतं. पहाटे आईनं हाक मारली. पाट एकच मांडलेला. वाट्या दोन होत्या, पण एक रिकामी. मी विचारलं, "दादाची वाटी रिकामी कशी?" आई हसली. तिला असं हसताना मी किती दिवसांत पाहिलं नव्हतं. म्हणाली, "बघ तं जाऊन."

मी कंदील घेऊन पडवीत गेलो. टायर नुसते चमकत होते. काळेभोर, तुकतुकीत, खालच्या बाजूला थेंब लोंबलेले. हात लावला तर बोटं चिकटली. रबर फुगलं होतं, त्यातल्या उभ्या रेघा एकमेकींना भिडून मिटत आल्या होत्या. मी नख रुतवलं. ते शिजलेल्या रताळ्यात जावं तसं आत गेलं. काढलं. खळगा तसाच राहिला.

रबराला तेल म्हणजे विष. आई पावसाळाभर त्यांना पाजत होती.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "आई, हे काय करून ठेवलंस!" मी ओरडलोच. ती दारात उभी होती, दोन्ही हात कोपरापर्यंत तेलानं माखलेले. तिला माझा राग कळलाच नाही. मी कौतुकानं ओरडलो असं वाटलं तिला. म्हणाली, "होडीचा तेल तं दर पंधरवड्याला दिला. आन आज खोबरेल दिला, त्याच्या वाटचा. मी म्हटला, एवढी वर्सं वाटीत पडून ऱ्हातो. हे जातायत त्याला आनायला, तं यांनाच लावते. त्याच्या अंगाला लागल्यासारखाच हाय न्हवं?"

मी तोंड मिटलं. तोंडाशी आलेला शब्द मी आयुष्यात एकदाच गिळला असेन, तो तेव्हा. बा मागून आला. त्यानं टायरला हात लावला, अंगठा दाबला, माझ्याकडे बघितलं. तांडेल माणूस, त्याला सांगायला लागलं नाही. आई आत गेल्यावर तो अगदी हळू म्हणाला, "तिला बोलू नको हां. पायां पडतो तुज्या." बाप मुलाला असं म्हणाला. मला तिथंच रडू फुटलं, आणि रडायचीही सोय नव्हती, कारण आत चुलीवर पाणी तापलं होतं आणि आई तेल चोळायला माझी वाट बघत होती.

तेच टायर मी चढवले. जुन्यांत काही उरलं नव्हतं आणि ती समोर उभी होती. फुगलेली कड रिमवर बसेना. मी आणि बानं पहारीनं रेटून बसवली. आईनं गाडीला ओवाळलं, चाकापुढं नारळ फोडला, पुरणपोळ्यांचं एक गाठोडं माझ्या हातात दिलं आणि एक मागच्या सीटवर बांधलं. मागचं दादासाठी. मला म्हणाली, "त्याला भूक लागली असंल, वाटंत थांबू नको."

मी मनात म्हणत होतो, मुंबईपर्यंत पोचलो की शेठकडून दुसरे घेऊ. वडखळच्या पुढंच मागचं चाक डुलायला लागलं. पनवेलला उतरून बघितलं, तर रबराची सालं निघत होती. कसाबसा शेठकडे पोचलो. दिवाळीचं दुकान, दारात रांगोळी. शेठनं टायर बघितला, बोट लावून वास घेतला आणि कपाळावर हात मारला. "अरे, कोणी केला आ?" मी सांगितलं, आईनं. त्या मापाचा नवा माल नव्हता. आतल्या खोलीतून त्यानं रबर चढवलेला एक जुना टायर काढून दिला, तो मागं बसवला. पुढं आईचाच राहिला. हळू जा, म्हणाला, ठेवून जा म्हणाला गाडी, आगगाडीनं जा. मी ऐकलं नाही. किनाऱ्यानं वाड्या-वाड्या फिरायला मला गाडी हवी होती. आणि खरं म्हणजे मागच्या सीटशिवाय दादाला आणायला जायचं, हे मनाला पटेना.

वापीपर्यंत गेलो. तिथं पोचता पोचता ऊन चढलं, रस्ता तापला आणि पुढचा टायर रिमवरून निसटला. मी आणि गाडी दोघं रस्त्याच्या कडेला खड्ड्यात. उजवा हात मोडला. बैलगाडीवाल्यांनी उचलून दवाखान्यात नेलं. तिथं सुट्टीतले किती दिवस गेले ते आठवायलाही नको वाटतं. हात गळ्यात बांधून मी आगगाडीनं वेरावळला गेलो. तिथून कधी बैलगाडीनं, कधी पायी जमतील तेवढी गावं केली. काठेवाडाच्या त्या किनाऱ्यावर दर टोकाला एक पांढरं देऊळ, नाहीतर पांढरा पीर! प्रत्येक ठिकाणी जाळी शिवणारी माणसं, आणि मी प्रत्येकाचा डावा अंगठा बघत हिंडतो आहे. लोकांना मी वेडा वाटलो असेन. एका म्हातारीनं मला ताक दिलं आणि आणखी पुढं जा, पुढंही बंदरं आहेत म्हणाली. पण हात सुजला होता, ताप होता. मी परत फिरलो. पुरणपोळ्यांचं मागचं गाठोडं तिला देऊन टाकलं. त्या केव्हाच विटल्या होत्या, तिच्या गाईनं खाल्ल्या.

एसटीतून मी एकटा उतरलो तेव्हा आई रस्त्यापर्यंत आली होती. तिनं माझ्या मागं बघितलं. गाडी रिकामी होऊन धुरळा उडवत गेली, तरी बघत राहिली. मग तिला माझा हात दिसला. घरी नेऊन तिनं मला पाणी दिलं आणि मी खरं ते सांगितलं, की सगळी गावं झाली नाहीत, चाकांनी वाटेत दगा दिला.

तिनं आपल्या तळव्यांकडे बघितलं. मग म्हणाली, "तेल कमी पडला का रं?"

बा दाराच्या चौकटीला धरून उभा होता. मी म्हटलं, "नाही गं आई. तेल पुरलं. रस्ताच खराब होता."

तिला ते पटलं नाही. ती मान हलवत राहिली. "न्हाय. माजाच कमी पडला. त्याच्या वाटचा देताना मी वाटी निथलू दिली न्हाय, घाईत व्हती." मग तिनं पदरानं डोळे पुसले आणि बाला म्हणाली, "भटजीला बोलाव. मी शब्द दिला व्हता."

मी हात जोडले, थोडं थांब म्हटलं, हात बरा झाला की परत जातो म्हटलं. मी तिच्यावर ओरडलोसुद्धा. ती म्हणाली, "त्याला यायचाच असता तं माजा तेल लागला असता." यावर मी तिला काय सांगायला हवं होतं? की तुझं तेल लागलं, फार लागलं, म्हणूनच तर? जीभ झडली असती माझी.

भटजी आले. ओटीवर दर्भाचा पुतळा केला, हात, पाय, डोकं. पांढरं कापड गुंडाळायच्या आत आई आतून वाटी घेऊन आली. कोमट खोबरेल. भटजी म्हणाले, बायांनी हात लावायचा नसतो. बा म्हणाला, "लावू द्या तिला. हात जोडतो." आई खाली बसली. तिनं पुतळ्याच्या डोक्यापासून सुरुवात केली, दिवाळीला करायची तशीच. टाळू, कानामागं, पाठ, पाय. दर्भाची पाती तिच्या बोटांना टोचत होती. डावा हात चोळताना ती थांबली आणि जिथं अंगठा असता तिथं तिनं दोनदा तेल घातलं. वाटी उलटी करून शेवटचा थेंब निथळू दिला. नंतर ती वाटीसुद्धा तिनं पुतळ्याबरोबर पाठवली. मी गळ्यात हात बांधलेला, डाव्या हातानं खांदा दिला. इतकं हलकं ओझं मी कधी उचललं नाही, आणि इतकं जडही.

मोटारसायकल वापीलाच कुणाला तरी दिली. पुढच्या मे महिन्यात मी आईला शाळेच्या कामाचं कारण सांगून निघालो आणि उरलेली गावं पाहून आलो. म्हातारीनं सांगितलेल्या दिशेनं, तिच्या गावापासून फार लांब नाही, एक बारीकसं बंदर होतं. टोकावर पांढरं देऊळ. हो, होता एक जण, जाळी शिवायचा, तुमच्याकडचंच बोलायचा, असं तिथले लोक म्हणाले. डाव्या अंगठ्याचं विचारलं तर एक पोरगी म्हणाली, त्याला नख नव्हतं, आम्ही चिडवायचो त्याला. आता कुठं आहे? दिवाळीनंतर एका गलबतावर चढून गेला. कुठलं गलबत, कुठं गेलं, कुणाला ठाऊक. इतकी वर्षं तो घरी का परतला नाही, हेही कुणाला सांगता आलं नाही. मी देवळाच्या पायरीवर बसलो आणि वेड्यासारखा रडलो. लाज वाटली नाही.

बाला तेवढं सांगितलं. तो ऐकून होडीपाशी गेला आणि अंधार पडेपर्यंत तिथंच बसला. आईला सांगायचं की नाही, हे आम्ही ठरवलं असं नाही. ती गेली तोवर आम्हा दोघांनाही ते जमलं नाही, इतकंच. गलबतं येत राहिली, मी प्रत्येकाची चौकशी करत राहिलो.

ते बंदर पाहून आलो त्या वर्षीच्या दिवाळीला आईनं पहाटे हाक मारली. मी पाटावर बसलो. ती माझ्या पाठीला तेल चोळत होती. "गप बस, हलू नको," म्हणत होती. दादा कुठंतरी असेल, त्याच्याही दारात कुणी पणती लावली असेल, आणि हे माझ्याच तोंडात अडकलं होतं. मी मान खाली घातली. पाटाजवळ एकच वाटी होती.